ओसाड समुद्राचा सिद्धान्त

पॅसिफिक महासागर म्हणजे पाण्याचे वाळवंट, असे सहसा कुणी ठासून सांगत नाही. सांगण्याची गरजच पडत नाही, इतके ते मत रुळलेले आहे. शाळेतल्या नकाशात हा महासागर मधोमध चिरून त्याचे दोन तुकडे डाव्या-उजव्या कडेला लावलेले असतात. निकामी झालेले एखादे अवकाशयान ‘निर्मनुष्य पॅसिफिकमध्ये’ पाडल्याची बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. समुद्रतळावर खाणकाम करू पाहणारे सांगतात, जमिनीवरची जंगले तोडण्यापेक्षा जिथे कुणीच राहत नाही तिथला गाळ उपसलेला काय वाईट? या साऱ्यांच्या बोलण्याचा पाया एकच आहे. त्याला सोयीसाठी ओसाडवाद म्हणू. त्याचे खंडन करायचे तर आधी त्याचा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो अगदीच पोकळ नाही.

या महासागराचे क्षेत्रफळ सुमारे 16.5 कोटी चौरस किलोमीटर आहे. पृथ्वीवरची सगळी जमीन त्यात ठेवली तरी जागा उरेल. बेटे हजारो आहेत. पण न्यू गिनी, न्यूझीलंड आणि खंडांच्या काठाला लागून असलेली बेटे वगळली, तर भर समुद्रातल्या बेटांची एकूण जमीन महाराष्ट्राएवढीही भरत नाही. साक्षीदारही मातब्बर आहे. मॅगेलनची जहाजे 28 नोव्हेंबर 1520 रोजी दक्षिण अमेरिकेच्या टोकाची सामुद्रधुनी ओलांडून या समुद्रात शिरली आणि 6 मार्च 1521 रोजी ग्वामला पोहोचली. मधल्या तीन महिन्यांहून अधिक काळात त्यांना दोनच बेटे दिसली, तीही निर्मनुष्य. खलाशांनी डोलकाठीच्या आडव्या दांड्यांवरचे चामडे समुद्राच्या पाण्यात भिजवून खाल्ले, उंदीर विकत घेऊन खाल्ले. मोहिमेसोबत गेलेल्या पिगाफेत्ताच्या वृत्तान्तात 19 मृत्यूंची नोंद आहे.

शिवाय दक्षिण पॅसिफिकच्या मध्यावर एक प्रचंड भोवरा आहे. तिथे पोषकद्रव्ये इतकी कमी, की पृथ्वीवरचे सर्वांत नितळ समुद्रजल तिथलेच. त्याच बाजूला ‘पॉइंट निमो’ हे ठिकाण आहे. तिथून सर्वांत जवळची जमीन जवळजवळ 2,700 किलोमीटरवर. रशियाचे मीर अंतराळस्थानक मार्च 2001 मध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये पाडले गेले, आणि सध्याच्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाची अखेरही तिकडेच व्हायची आहे. ओसाडवाद्याने पुरावे मागितले तर ते असे आहेत, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता उत्तरपक्ष. मॅगेलनच्या साक्षीपासून सुरुवात करू, कारण बाकीची इमारत तिच्यावर उभी आहे. त्याचा मार्ग नकाशावर आखून पाहिला तर तो द्वीपसमूहांच्या फटीफटीतून गेलेला दिसतो. तुआमोतू, मार्केसास, मार्शल या माणसांनी गजबजलेल्या बेटांपैकी एकही त्याच्या दृष्टीस पडले नाही. त्याला समुद्र रिकामा दिसला तो त्या वाटेवरून. आणि प्रवासाचा शेवट कसा झाला? ग्वामजवळ चामोरो लोकांच्या शिडाच्या होड्या या उपाशी जहाजांना येऊन भिडल्या. त्या होड्यांचा वेग पाहून खुद्द पिगाफेत्ता चकित झाला होता. वाळवंट पार करून आलेल्यांचे स्वागत त्यांच्याहून चपळ दर्यावर्दींनी करावे, हे वाळवंटाचे लक्षण नव्हे.

असे दर्यावर्दी या महासागरात कधी पसरले? तीन हजार वर्षांपूर्वी, न्यू गिनीच्या पूर्वेकडील बिस्मार्क द्वीपसमूहातून, दातेरी नक्षीची मातीची भांडी बनवणारे लोक पूर्वेकडे निघाले. पुरातत्त्वज्ञ त्यांना लापिता म्हणतात. ते टोंगा आणि सामोआपर्यंत गेले. त्यांच्या वंशजांनी साधारण हजार वर्षांपूर्वी पुढचा पल्ला मारला आणि 1300 च्या आसपासपर्यंत हवाई, रापा नुई आणि न्यूझीलंड हा अवाढव्य त्रिकोण वसवून टाकला. साधन काय, तर दोन सांगाड्यांची किंवा उलांडीची होडी. कोकणातल्या कोळ्यांना उलांडी काय असते हे सांगायला नको.

यावर ओसाडवाद्याचे ठरलेले उत्तर असे, की ते वाऱ्यावर भरकटत गेले असतील. हे मत विसाव्या शतकात बरेच प्रतिष्ठित होते. थोर हेयरडाल नावाचा साहसी 1947 मध्ये कोन-टिकी तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि 101 दिवसांनी तुआमोतूमध्ये जाऊन आदळला. साहस म्हणून ते मोठेच होते. पण तराफा वाहत जाऊ शकतो एवढेच त्यातून सिद्ध झाले, माणसे तशीच गेली हे नव्हे. पुढे 1973 मध्ये तीन संशोधकांनी वारे आणि प्रवाहांच्या नोंदी संगणकात घालून हजारो काल्पनिक होड्या भरकटायला सोडल्या. हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई या तिन्ही टोकांना भरकटत पोहोचणे जवळजवळ अशक्य ठरले. मग 1976 मध्ये होकुलेआ ही जुन्या घाटाची जोडहोडी हवाईहून ताहितीला निघाली. सातावाल बेटाचा माउ पियाइलुग तिला वाट दाखवत होता. होकायंत्र नाही, नकाशा नाही. सुमारे 4,000 किलोमीटर अंतर कापून ती बरोबर ताहितीला लागली.

माउच्या विद्येत ओसाडवादाचे खरे उत्तर आहे. कोणता तारा क्षितिजावर कुठे उगवतो हे त्याला पाठ होते. दूरच्या वादळांतून निघालेल्या लाटा होडीच्या तळाला कोणत्या बाजूने आपटतात, हे तो अंगाने ओळखी. बेटावर अडून राहिलेला ढग, बेटाला वळसा घालताना वाकलेल्या लाटा, आणि मुख्य म्हणजे पक्षी. पांढरा कुररी पक्षी सकाळी बेटावरून वीस-तीस किलोमीटर बाहेर मासे धरायला जातो आणि संध्याकाळी घरट्याकडे परततो. म्हणून दोन किलोमीटर रुंदीचे बेट नाविकासाठी पन्नास किलोमीटर रुंदीचे होते. द्वीपसमूहात अशी वर्तुळे एकमेकांना भिडतात आणि मोकळी म्हणावी अशी जागा फार थोडी उरते. युरोपीय जहाजावरचा माणूस जमीन तेवढी मोजत होता. बेटावरचा माणूस पाणीही मोजत होता. इंग्रज दर्यावर्दी कूकच्या जहाजावर 1769 मध्ये चढलेल्या तुपाइया या रायातेआच्या पुरोहिताने सत्तरांहून अधिक बेटांचा नकाशा काढायला लावला होता. युरोपीय लोकांना त्यांतल्या बहुतेक बेटांची तेव्हा गंधवार्ताही नव्हती. रताळे हे दक्षिण अमेरिकेचे कंदमूळ युरोपीय येण्याआधीच पॉलिनेशियात पिकत होते, आणि पूर्व पॉलिनेशियाच्या रहिवाशांमध्ये अमेरिकेच्या मूळ लोकांचा जनुकीय अंश इसवी सन 1200 च्या सुमाराचा आहे, असे 2020 मधील अभ्यासाने दाखवले. म्हणजे हा ‘ओसाड’ समुद्र कोलंबसाच्या तीनेकशे वर्षे आधी आरपार ओलांडला गेला होता.

इथे बेटवासीयांचे भाबडे गुणगान करण्याचा मोह टाळलेला बरा. ते निसर्गाशी सदैव एकरूप होऊन राहिले, हे काही खरे नाही. न्यूझीलंडचा उंचच उंच मोआ पक्षी माणूस पोहोचल्यावर एक-दीड शतकात संपला. पण संपवायलाही माणसे तिथे असावी लागतात.

टोंगी वंशाचे विचारवंत एपेली हाउओफा यांनी 1993 मध्ये याच दृष्टिदोषावर बोट ठेवले. खंडावर उभे राहून पाहणाऱ्याला दूरच्या पाण्यात विखुरलेले ठिपके दिसतात. बेटावरच्या माणसाला पाण्यासकट एक प्रदेश दिसतो, असा त्यांचा रोख होता. त्यात कविता आहे असे ज्यांना वाटते त्यांनी किरिबातीचा हिशेब पाहावा. या देशाची जमीन सुमारे 811 चौरस किलोमीटर. त्याचे अनन्य आर्थिक सागरी क्षेत्र सुमारे 34 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागापेक्षा मोठे. जगात पकडल्या जाणाऱ्या ट्यूना माशांपैकी निम्म्याहून अधिक मासे पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधून येतात, आणि परदेशी बोटींनी भरलेल्या परवाना शुल्कावर किरिबातीचे सरकार चालते. वाळवंटावर कुणी भाडे भरत नाही.

ओसाडवादी आता पृष्ठभाग सोडून तळाशी जाईल. वर मासे असतील, खाली तर काळोख आणि चिखलच ना? या युक्तिवादालाही इतिहास आहे. एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात एजियन समुद्रातल्या पाहणीवरून अनुमान काढले होते, की 300 वावांच्या, म्हणजे साधारण 550 मीटरच्या खाली जीवसृष्टी संपते. पोषकद्रव्यांच्या बाबतीत निकृष्ट अशा एका समुद्रावरून साऱ्या महासागरांबद्दल काढलेला हा निष्कर्ष होता. चॅलेंजर जहाजाच्या 1872 ते 1876 च्या मोहिमेने तो मोडीत काढला. पुढे 23 जानेवारी 1960 रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श मारियाना गर्तेत सुमारे 10,900 मीटर खोल उतरले. आणि 1977 मध्ये गालापागोसजवळ अडीच हजार मीटरवर गरम पाण्याचे झरे सापडले. भोवती शिंपल्यांचे ढीग आणि माणसाहून लांब वाढणारे नळीकृमी. त्या मोहिमेवर सगळे भूशास्त्रज्ञ. जीव सापडतील ही अपेक्षाच नसल्यामुळे जीवशास्त्रज्ञ कुणी नव्हता आणि नमुने टिकवायला पुरेसे रसायनही नव्हते. शेवटी काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून आणावे लागले! सूर्यप्रकाशावाचून, हायड्रोजन सल्फाइडवर जगणाऱ्या जिवाणूंच्या आधाराने उभी राहिलेली ही वस्ती जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला एक पायाभूत नियम बदलून गेली. सापडली ती ‘चिखलात’.

तळ मुळात सपाट चिखलाचा नाहीच. दुसऱ्या महायुद्धात हॅरी हेस हे प्रिन्स्टनचे भूशास्त्रज्ञ नौदलाच्या जहाजावर कप्तान होते. त्यांनी खोली मोजणारे ध्वनियंत्र प्रवासभर चालू ठेवले आणि नोंदींतून सपाट माथ्याचे सुमारे 160 बुडालेले डोंगर वर काढले. एकेकाळी पाण्याबाहेर असलेले, लाटांनी माथा तासलेले हे ज्वालामुखी इतक्या खोल कसे गेले? या आणि अशा कोड्यांतून हेस 1962 मध्ये समुद्रतळ-विस्ताराच्या कल्पनेपर्यंत पोहोचले. तळ पूर्व पॅसिफिकच्या पर्वतरांगेत जन्मतो, काही ठिकाणी वर्षाला 15 सेंटीमीटरच्या वेगाने दुभंगत दूर सरकतो आणि पश्चिमेच्या गर्तांमध्ये पृथ्वीच्या पोटात परत जातो. म्हणून साडेचार अब्ज वर्षे वयाच्या या ग्रहावर पॅसिफिकचा सर्वांत जुना तळ 18 ते 19 कोटी वर्षांपलीकडे जात नाही. आपल्या सह्याद्रीचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याहून तरुण तळ या महासागरात अफाट पसरलेला आहे. मौना केआ हा हवाईचा डोंगर समुद्राबाहेर 4,207 मीटर दिसतो, पण पायथ्यापासून मोजला तर 10,000 मीटर ओलांडतो. जिथे पृथ्वी सर्वांत जास्त घडते-मोडते, त्या जागेला निर्जीव पोकळी म्हणणे हे भूगोलाचे अज्ञान आहे.

या अज्ञानाची किंमत ओसाडवादाच्या समर्थकांनीही मोजली आहे. 8 जानेवारी 2005 रोजी ग्वामच्या दक्षिणेला अमेरिकेची सॅन फ्रान्सिस्को ही अणुपाणबुडी पूर्ण वेगात एका समुद्रपर्वतावर आदळली. तिच्याजवळच्या नकाशात त्या जागी खोल पाणी दाखवले होते. एक नौसैनिक मरण पावला, कित्येक जखमी झाले. जगातल्या समुद्रतळाचा आजही जेमतेम चौथा हिस्सा आधुनिक यंत्रांनी नीट मोजलेला आहे. उरलेल्या जागी नकाशा निळा आहे कारण तिथे कुणी पाहिलेले नाही, आणि न पाहिलेल्या जागेला रिकामी म्हणणे हा तर्कशास्त्रातला प्राथमिक दोष आहे. आपल्याकडचे दार्शनिक अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न दिसण्याला, प्रमाण मानायचे की नाही यावर शतकानुशतके भांडले. पण वस्तू असती तर दिसलीच असती अशी स्थिती हवी, या अटीवर तडजोड नव्हती. अंधाऱ्या तळाच्या बाबतीत ती अट पुरी होत नाही.

दक्षिण पॅसिफिकच्या नितळ भोवऱ्याचा मुद्दा मी मान्य केला होता. त्याचीही फेड होते. त्याच भोवऱ्याखालच्या गाळातून 2010 मध्ये काढलेल्या, 10 कोटी वर्षांहून जुन्या थरांतल्या सूक्ष्मजीवांना प्रयोगशाळेत खाद्य दिले, तर ते वाढू लागले. हा निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. विरळ, अतिविरळ, हे सारे खरे. ओसाड मात्र नाही.

इथवरचा वाद विद्वानांपुरता राहिला असता तर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. पण ओसाडवादाने कृती केलेली आहे. अमेरिकेने मार्च 1946 मध्ये बिकिनी कंकणद्वीपावरच्या 167 रहिवाशांना हलवले आणि 1958 पर्यंत मार्शल बेटांत 67 अणुचाचण्या केल्या. फ्रान्सने 1966 ते 1996 या काळात मोरुरोआ आणि फांगाताउफा इथे 193 केल्या. दरवेळी समर्थन एकच: दूर, एकाकी, जवळपास कुणी नाही. 1 मार्च 1954 च्या ब्राव्हो चाचणीची शक्ती हिरोशिमाच्या सुमारे हजारपट होती. त्या स्फोटाने पोवळ्याच्या खडकाचा भुगा उडवला, आणि तो पांढरा किरणोत्सारी चुरा वाऱ्याने पूर्वेला रोंगेलापच्या वस्तीवर पडला. जाहीर केलेल्या धोकाक्षेत्राच्या बाहेर मासेमारी करणाऱ्या दाइगो फुकुर्यू मारू या जपानी बोटीवरही पडला. तिच्यावर 23 जण होते. बोटीचा रेडिओचालक त्याच वर्षी सप्टेंबरात वारला, आणि जपानच्या बाजारांत ट्यूनाचे ढीग टाकून द्यावे लागले. ‘कुणी नाही’ असे म्हटलेल्या जागेत माणसे होती, मासे होते, आणि माशांच्या मागे बाजारपेठ होती. बिकिनीचे लोक 1970 च्या दशकात परत नेले गेले आणि 1978 मध्ये पुन्हा उठवले गेले, कारण जमिनीतला किरणोत्सार नारळात आणि नारळातून त्यांच्या शरीरात उतरला होता.

याच चाचण्यांच्या तयारीत 1952 मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर खोल भोके पाडली गेली. बाराशे मीटरहून अधिक पोवळ्याचा चुनखडक संपल्यावर खाली ज्वालामुखीचा बसाल्ट लागला. कंकणद्वीप म्हणजे खचत चाललेल्या ज्वालामुखीवर पोवळ्यांनी चढवलेले बांधकाम, हा चार्ल्स डार्विनचा 1842 मधील सिद्धान्त त्या दिवशी खरा ठरला. लाखो पिढ्यांनी रचलेली बाराशे मीटरची भिंत हाती लागली, तीही त्या जागेला ओसाड समजून बॉम्ब फोडायला आलेल्यांच्याच.

‘आपल्याला काय त्याचे?’ हा या वादाचा मराठी अवतार. त्याला फार शब्द नकोत. 1972 मध्ये मध्य आणि पूर्व पॅसिफिकचे पाणी तापले, एल निनो आला. पेरूची अँचोव्ही मासेमारी कोसळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळात होरपळला. प्रत्येक एल निनो आपल्याकडे दुष्काळ आणतोच असे नाही. 1997 चा प्रचंड एल निनो येऊनही भारतात मान्सून सरासरीइतका झाला. पण पॅसिफिकच्या दोन टोकांवरचा हवेचा दाब आलटून पालटून वर-खाली होतो, हे सूत्र हवामानशास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती लागले ते भारताच्या मान्सूनचा अंदाज शोधताना. आपला पाऊस समजून घ्यायला त्यांना ‘ओसाड’ समुद्राकडेच पाहावे लागले होते.

राहिला खाणकामाचा प्रश्न, आणि इथे प्रतिपक्ष सर्वांत सशक्त आहे. हवाई आणि मेक्सिकोच्या दरम्यान क्लॅरियन-क्लिपर्टन पट्टा आहे. तिथे चार ते साडेपाच किलोमीटर खोलीवर बटाट्याएवढे गोटे विखुरलेले आहेत. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट यांचे. जमिनीवर निकेल काढायला वर्षावने तोडली जातात, कोबाल्टच्या खाणींत मुले राबतात, आणि विजेवरच्या गाड्यांना धातू तर हवेतच. मग गोटे उचलणे कमी वाईट नाही का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नाउरू आणि कुक बेटांसारखे काही बेटदेशही खाणकामाच्या बाजूने आहेत. पलाऊ, फिजी आणि सामोआ स्थगिती मागतात. तेव्हा ‘बेटवासीयांचे मत’ म्हणून एकच मत पुढे करणेही चूक.

पण तुलना करायची तर दोन्ही बाजू माहीत हव्यात. या पट्ट्यातून नोंदल्या गेलेल्या प्राणिजातींचा आढावा 2023 मध्ये घेतला गेला, तेव्हा अंदाजे 5,578 जाती आढळल्या आणि त्यांतल्या सुमारे 90 टक्क्यांना अजून शास्त्रीय नावही नव्हते. गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. मऊ गाळाच्या त्या विस्तारात टणक जागा तेवढीच. म्हणून स्पंज, पोवळी, समुद्रफुले गोट्यालाच धरून वाढतात. पेरूच्या समुद्रात गोट्यावर उगवलेल्या मृत स्पंजाच्या देठांवर अंडी घालून ती सांभाळत बसलेला फिकट ऑक्टोपस कॅमेऱ्यात दिसला आहे. तिथेच 1989 मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून तळ नांगरला होता. 26 वर्षांनी परत पाहिले तर तास जसेच्या तसे होते. जंगल तोडल्याचे नुकसान निदान मोजता येते, काही पिढ्यांत थोडे भरूनही येते. इथे काय गेले याची यादी करायच्या आधीच ते जाईल, आणि गोटा परत यायला माणसाच्या जातीचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून ‘कमी वाईट’ हा निर्णय आज कुणालाही देता येत नाही. जो देतो, तो अभ्यासाच्या जोरावर नव्हे, तर तळ ओसाड आहे या जुन्या गृहीतकाच्या जोरावर देतो. सिद्धतेचा भार खणणाऱ्यावर आहे.

हा भार आपल्यावरही आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गवेषणी जहाजाने 1981 मध्ये असे गोटे वर काढले, 1987 मध्ये भारताला अग्रणी गुंतवणूकदाराचा दर्जा मिळाला, आणि आज मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात 75,000 चौरस किलोमीटर तळ आपल्या वाट्याला आहे. 6,000 मीटर खोल जाणारे मत्स्य-6000 हे यान त्याच दिशेची तयारी आहे. याच खोऱ्यात 1997 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तळ ढवळून जिवांवर काय परिणाम होतो ते तपासण्याचा प्रयोग केला होता. त्या प्रयोगाचे आणि पुढच्या पाहण्यांचे निष्कर्ष मराठीत आणि इतर भारतीय भाषांत आले पाहिजेत, संसदेत त्यांवर चर्चा झाली पाहिजे, आणि ती पहिला गोटा व्यापारासाठी उचलण्याच्या आधी झाली पाहिजे.